आठवी पोळी

(कझाकस्तानातलं उश्तोबे गाव, शुक्रवारची दुपार. कुल्झिपा आजीचं स्वयंपाकघर. मेरुएर्त तिची नात. सागिंदिक तिला आपल्या नातवासाठी, येरासिलसाठी, मागणी घालायला आलेले.)

सागिंदिक : थांब, सात पूर्वजांतलं पाचवं नाव काय म्हणालीस?

मेरुएर्त : तुलेगेन. सेरिक, बेकबोलात, कासिम, ओराझबाय, तुलेगेन.

सागिंदिक : मग संपलंच. येरासिलचा पाचवा पूर्वजही तोच तुलेगेन. दुष्काळात त्याचा धाकटा मुलगा सीमा ओलांडून चीनला गेला, तो माझा आजोबा. सोयरीक करायला आलो आणि भावाच्याच घरात निघालो. वहिनी, सात पिढ्यांच्या आत लग्न होत नाही.

मेरुएर्त : आजोबा, दोन वर्षं आम्ही अल्माटीत एकमेकांना ओळखतो. हा तुलेगेन कुठून उपटला मध्येच?

सागिंदिक : पूर्वज उपटत नाहीत, मुली. ते असतातच.

मेरुएर्त : आजी, तू तरी काही बोल. मघापासून नुसती उठबस चाललीय तुझी.

कुल्झिपा : तेल तापलंय.

सागिंदिक : शुक्रवारी पूर्वजांच्या नावानं सात पोळ्या तळतात. तुम्ही आठवी टाकलीत.

कुल्झिपा : कणीक उरली.

मेरुएर्त : हिची दर शुक्रवारी उरते.

सागिंदिक : बरं, येतो मी. येरासिलला मीच सांगेन.

कुल्झिपा : बसा, भावजी. मेरुएर्त, चूल बंद कर. तुझे आजोबा बेकबोलात कासिमच्या रक्ताचे नव्हते.

मेरुएर्त : काय बोलतेयस?

कुल्झिपा : सदतीस साली सरकारनं कोरियन लोकांना आगगाडीच्या डब्यांत कोंबून इथं आणून सोडलं. माझ्या सासूचं तान्हं नुकतंच गेलेलं, दूध आटलं नव्हतं. डब्यातल्या एका बाईनं आपलं बाळ तिच्या हातात दिलं. काहीतरी बोलली, सासूला कळलं नाही. सकाळी पुन्हा गेली तर त्या बाईला पुरलं होतं.

मेरुएर्त : आजोबांना माहीत होतं?

कुल्झिपा : सोळाव्या वर्षी पासपोर्ट काढायला गेले, तेव्हा आईनं सांगितलं. बाबूनं वंश विचारला. म्हणाले, कझाक लिहा. कोरियन लिहिलं तर आईच्या दारातून उचलून परत पाठवतील, ही धास्ती. लग्नानंतर मला सांगितलं आणि शपथ घातली. आज मोडली.

सागिंदिक : कोरियन... येरासिलच्या आईला काय सांगू मी? ती रोज सांगते, घरात शुद्ध कझाक मुलगी हवी.

मेरुएर्त : आजोबा, घटकेपूर्वी मी जरा जास्तच कझाक होते. आता कमी पडले?

सागिंदिक : तुझी जीभ तिखट आहे.

कुल्झिपा : माझ्याकडून आलीय. भावजी, माझ्या आजीला कोणी वंश विचारला नाही. कोणाची मुलगी, कोणत्या कुळातली, एवढंच. मग कचेरीच्या कागदात वंशाची एक ओळ आली आणि माणसं त्या ओळीत बसायला लागली. आता पोरं वंश कळावा म्हणून थुंकी डबीत भरून तपासायला धाडतात आणि उत्तराची वाट बघतात. तुम्हाला चीनहून परतून तीस वर्षं झाली. बाजारात काय म्हणतात तुम्हाला?

सागिंदिक : ...चिनी.

कुल्झिपा : आणि तिकडे?

सागिंदिक : तिकडे कझाक. तिथल्या पोरांनी त्यापायी दगड मारलेत मला. इथं आलो तर दुकानदार म्हणाला, तुझ्या बोलीला चिनी वास येतो.

मेरुएर्त : मला लग्न हवंय, पण त्यासाठी आजोबांना यादीतून खोडायचं नाही. तसं असेल तर राहू दे.

सागिंदिक : खोडायला कोणी सांगितलं? नावं तीच म्हण. बेकबोलात ज्या घरचं दूध प्यायला, त्याच घरचा. दुधाच्या नात्यानं इतक्या लांबचं लग्न अडत नाही. आमच्यात मोजतात ते रक्त, आणि रक्त वेगळं आहे.

मेरुएर्त : आणि येरासिलची आई?

सागिंदिक : ती दोन दिवस रुसेल. तिची आई तातार, हे मी अजून चारचौघांत काढलेलं नाही. गरज पडली तर काढीन. वहिनी, ती आठवी इकडे द्या. दुवा मागतो. कोणाच्या नावानं मागू?

कुल्झिपा : नाव ठाऊक नाही. मी म्हणते, जिनं मूल हातात दिलं तिला. पोचवणारा पोचवतो.

सागिंदिक : आमीन.

कुल्झिपा : आमीन. गरम आहे, सांभाळून तोडा.

सागिंदिक : मेरुएर्त, आमच्या घरी आलीस की शुक्रवारी कणीक जरा जास्तच मळत जा.