कागदाच्या कोपऱ्यातलं चित्र

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे आपले मालक, व्यासपीठावरील पाहुणे, आज निवृत्त होणाऱ्या सत्कारमूर्ती, आपल्या ड्रॉइंगच्या ताई, पहिल्या रांगेत बसलेले ताईंचे यजमान, आणि फर्निचरच्या या कारखान्यातल्या माझ्या सोबत्यांनो,

मला रंधा द्या, दिवसभर चालवतो. माईक मात्र पहिल्यांदाच हातात आलाय, तेव्हा जरा धीर धरा.

ताईंच्या कॉम्प्युटरवर साधं, सपाट रेघा मारायचं सॉफ्टवेअर आहे. त्यात कपाट उभं कसं राहतं, हे तुम्ही कधी पाहिलंय का? ताई समोरचा चौकोन काढतात. त्याचीच कॉपी जरा वर, जरा उजवीकडे सरकवतात. कोपऱ्याला कोपरा जोडतात, मागच्या लपणाऱ्या रेघा पुसतात. बाजूला गडद रंग, वरती फिका. झालं! दार उघडून आत कपडे ठेवावेत असं वाटतं.

असं पहिलं चित्र त्यांनी एका हट्टी गिऱ्हाइकासाठी काढलं. गिऱ्हाईक खूश झालं, पण त्याहून जास्त खूश झालो मी. का? तेच आज सांगायचंय. तुम्ही मला मुख्य मिस्त्री केलंत तेव्हा सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मला घाम फुटला. समोरून, बाजूने, वरून अशी ती तीन सपाट ड्रॉइंगं मला कळत नाहीत. आजही नाही. शेजारच्या बाकावरचा माझा मेहुणा समजावून सांगायचा. तो दुसरीकडे नोकरीला गेला आणि माझं पितळ उघडं पडायची वेळ आली.

म्हणून ते चित्र हाती लागताच मी त्यावर पट्टी ठेवून मापं घेतली आणि कपाट करून टाकलं. उंची बरोबर, रुंदी बरोबर. पण बाजू खरी वाटावी म्हणून चित्रात ती निम्मीच काढतात, हे मला कोण सांगणार? दोन फुटांऐवजी एक फूट खोल कपाट झालं. हँगर अडकवला की दार लागेना. मालक काय तापले होते, आठवतंय ना?

ताईंनी चित्रावरच्या माझ्या पेन्सिलच्या खुणा पाहिल्या आणि काय ते ओळखलं. मालकांना म्हणाल्या, "चूक माझी. चित्रावर मापं घालायची राहिली." मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "दादा, यापुढे प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात चित्र देईन, प्रत्येक कडेला माप लिहून. तुम्ही चकार शब्द काढू नका." अकरा वर्षं ते चित्र येतंय. मालकांनी विचारलं की ताई सांगायच्या, "गिऱ्हाइकांना आवडतं."

परवा चहा पिताना मालक म्हणाले, "ताई गेल्या की ते चित्र बंद करू. गिऱ्हाईक हल्ली मोबाईलवरच बघतं." मला ठसका लागला. घरी बायकोला सांगितलं, तर ती म्हणाली, "त्या बाईने अकरा वर्षं तुमची चूक आपल्या डोक्यावर घेतली, तुम्हाला दोन वाक्यं बोलता येईनात?"

म्हणून बोलतोय. मालक, ते चित्र गिऱ्हाइकांसाठी नव्हतं, माझ्यासाठी होतं. आणि ते कपाट मी बिघडवलं होतं. ताई, तिथून मानेने नाही-नाही करू नका. पुरे झालं आता तुमचं झाकून घेणं.

फार हलकं वाटतंय हो! समारंभ ठेवल्याबद्दल मालकांचे आणि निमूट ऐकल्याबद्दल तुम्हा सर्वांचे आभार. ताईंचे आभार मानायला मला शब्द सापडत नाहीत, त्यांनी ते समजून घ्यावेत. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. सोमवारी ताईंच्या जागी नवे साहेब येतायत. सकाळीच त्यांच्या टेबलाशी जाऊन मी स्वतः सांगणार आहे, "साहेब, मला सपाट ड्रॉइंग कळत नाही. कोपऱ्यात चित्र काढून द्या."