बाळंतिणींच्या वार्डातलं तेल

धम्मशीला सिस्टर : ही पाचवी बाई म्हणाली, ‘बाटली माझी.’ एका तेलाच्या बाटलीला पाच मालकिणी! अगं बायांनो, मी चोर धरायला आले नाही. अश्विनी, तू तरी खरं सांग.

अश्विनी : माहीच हाय, सिस्टर.

सिस्टर : तू? सिझरचे टाके तुझे, पलंगावरून धड उतरत नाहीस. चार पाळण्यांना तेल चोळायला तू गेलीस?

वच्छलाबाई : सोड व अश्विनी. सासूसाठी काऊन खोटं बोलतं? माही हाय बाटली, सिस्टर. घरच्या तिळाचं, घान्यावरून काढेल. कोन्या लेकराची कातडी कोरडी दिसली का मी मालिश करून देवो. पाप केलं काय?

सिस्टर : नाही, आजी. पण बाटलीच्या तोंडाशी जंतू सापडलेत. तुमच्या नातवाच्या रक्तात होते तेच.

वच्छलाबाई : अवो माय! माह्या तेलात?

सिस्टर : तुमच्या गावाहून नाही आले ते. दवाखान्यातलेच आहेत. कुणाच्या तरी हातावरून बाटलीत गेले, अन् बाटलीतून पाळण्यापाळण्यात. तो हात माझाही असेल. मीच म्हटलं होतं ना, आजी, त्या कोपऱ्यातल्या बाळालाही लावा थोडं.

अश्विनी : पन आमचा आता बरा हाय ना?

सिस्टर : बरा आहे. नेहमीच्या औषधांना दाद देत नाही हा जंतू. तीन औषधं वाया गेली, चौथं लागू पडलं. ताप नाही, दूध ओढतोय. बाकीच्या तिघांचेही रिपोर्ट चांगले आले. म्हणून तर विचारते, आजी. हे तेल अजून कुणाकडे गेलं?

वच्छलाबाई : कोनाकडंच नाही.

अश्विनी : आत्या... छाया.

वच्छलाबाई : गप बस.

अश्विनी : नाही बसत. सिस्टर, छायाले सोमवारी सुट्टी झाली ना, आत्यानं तिले औषधाच्या रिकाम्या शिशीत भरून देल्लं. जळगाव जामोदले घेऊन गेली थे.

सिस्टर : छायाचं बाळ? ते तर काचेच्या पेटीतून निघालं अन् थेट घरी गेलं. पावणेदोन किलोचं लेकरू ते, आजी!

वच्छलाबाई : म्हनूनच देल्लं व बाई! म्हटलं, जरा अंग धरीन. आता थे पोरगी म्हनीन, बुढीनं इख देल्लं. मले तोंड उघडाचा धीर होत नव्हता.

सिस्टर : नंबर आहे तिचा?

अश्विनी : हाव. लावून राह्यली... रिंग जाते.

वच्छलाबाई : उचल व पोरी. उचल.

अश्विनी : छाया? मी अश्विनी, तुह्या बाजूच्या पलंगावरची. बाळ कसं हाय?... पितं ना?... ताप गिप?... बरं. अन् थे तेल, आत्यानं देल्लेलं? लावलं काय?... काय म्हनतं!

(अश्विनी पोटावरचे टाके धरून हसते.)

वच्छलाबाई : हासून काऊन राह्यली? काय म्हनते थे?

अश्विनी : झाकन उघडलंच नाही म्हनते! तिच्या सासूनं हातच लावू देल्ला नाही. म्हने, माह्या घरचं तेल काय सरलं, का लोकायचं लावू माह्या नातवाले?

वच्छलाबाई : लोकायचं? माह्यं तेल! एवढा तोरा?

सिस्टर : आण इकडे फोन. छाया, सिस्टर बोलते. ती शिशी उघडू नको, बाळाला बघायला घरी आशाताई आली की तिच्याकडे दे. अन् सध्या तेल कुणाचंच नको, सासूबाईंचंही नको. उद्या बाळाला दाखवायला आण... हो, हो, काळजीचं काही नाही. एकदा बघू दे मला.

वच्छलाबाई : ठेवू नोका, ठेवू नोका! तिच्या सासूले फोन द्याले सांगा.

सिस्टर : आजी, भांडायचं नाही हं.

वच्छलाबाई : द्या तं खरं... हॅलो, बाई? मी अश्विनीची सासू... हाव, तेलवालीच... नाही व बाई, राग कायचा? बरं केलं तुमी. लय बरं केलं.