आडवी आलेली तसबीर

धुळ्याहून शिरपूरला निघालेल्या एसटीत कुसुमलताबाईंना डुलकी काढायची होती. पण पुढच्या बाकावर आजी आणि नात बोलत होत्या, मग कुठली डुलकी!

“आजी, मी उद्यापासून परत ग्लायडर उडवू ना?”

“पहिले काय व्हयनं ते बठ्ठं सांग, साक्षी. तुनं यंत्र बिघडेल व्हतं का?”

“नाही गं. दुसरं ग्लायडर लांब असतानाच ते इशाऱ्याचं यंत्र रेडिओवर ऐकून पीं-पीं करतं, म्हणजे टक्कर टळते. माझं मात्र अगदी जवळ आल्यावर ओरडायचं.”

“मंग?”

“वायर बदलली, अँटेना बदलली, तरी तेच. शेवटी तू दिलेली बुद्धांची तसबीर काढली, आणि यंत्राला लांबची ग्लायडरं कळायला लागली. पितळी चौकट अँटेनाच्या आडवी येत होती.”

“अव माय! म्हंजे मनी चूक!”

“तुझी कसली? तू मायेने दिलीस, मी नेमकी तिथे चिकटवली.”

“आन राजदीप?”

“त्या दिवशी समोरून येणाऱ्या ग्लायडरमध्ये तोच होता. त्याने डोळ्यांनी पाहिलं आणि वेळेवर वळला. म्हणून तर आज त्याच्या घरी चाललोय.”

“उड तू. पन मी आज त्यानी मायना पाय पडसू.”

“काहीतरीच! त्या तुझ्यापेक्षा किती लहान आहेत!”

“वयनं काय घेऊन बसनीस? तिना पोऱ्यानी मनी नात माले वापस दिधी.”