दोराचे बाहेरचे पेड

माईक का काढून घेतोस, अमोल? शिट्टी मारतोय? सगळ्यांनी कानांवर हात ठेवलेत, ते दिसतंय. शिट्टी मला ऐकू येत नाही. दे इकडे. त्यावरच बोलायचं आहे.

अध्यक्षस्थानी बसलेले आमच्या खाणीचे व्यवस्थापक माननीय गुरुदाससाहेब, उद्या निवृत्त होणाऱ्या दवाखान्याच्या परिचारिका सुविधाबाई, आणि पाळीच्या माझ्या सोबत्यांनो,

मी विठ्ठल. खनिजाचे टिपर ट्रक मागे येताना कडेला उभा राहून चालकाला हात दाखवतो. सुविधाबाईंनी बावीस वर्षं आमचे कान तपासले. हेडफोन लावायचा, आवाज आला की बोट वर. गेली चार वर्षं मी बोट वर केलं ते औषधांच्या कपाटाच्या काचेत बाईंचा हात बघून. बटण दाबलं की बोट. नापास झालो तर घरी पाठवतील, ही भीती. कोणाला नसते?

गेल्या सोमवारी अमोलचा टिपर मागे येत होता. मी क्षणभर पाठ फिरवली. वळलो तर चाक हातभर अंतरावर. अमोल उतरून ओरडला, "भैरो झालंस काय रे? इतको वेळ बीप वाजता, आयकाक येना?"

त्याचं ओरडणं स्वच्छ ऐकू आलं. मग टिपर मागे येतानाचा बीप का नाही?

बाईंना विचारलं. त्यांनी दवाखान्याच्या दाराशी पडलेला, ताडपत्री बांधायचा दोर उचलला. "विठ्ठलभाऊ, कानाची नस अशी असते. हजारो धागे, पिळलेले. जाड आवाजांचे मधोमध, शिट्टीसारख्या बारीक आवाजांचे बाहेरून गुंडाळलेले. गोंगाटाने कानातला शंख तोंडाशी झिजतो. मग या बाहेरच्या धाग्यांपर्यंत काही पोचत नाही." मग म्हणाल्या, "पण तुमच्या तपासणीचा कागद दरवर्षी चांगला कसा?"

तेव्हा मी तो दोर घेऊन बाहेर पडलो. आज साहेबांसमोर उत्तर दिलं. हसू नकोस अमोल. माझ्या हातावर भरवसा ठेवून उद्या दुसरा कोणी चाकाखाली जाईल. त्याची भीती जास्त आहे. नोकरीचीही आहे, खोटं कशाला बोलू?

बाई, तो दोर मी ठेवून घेतलाय. तुमचे आभार. आवाज फार चढला असेल तर मला कळलेलं नाही. सगळ्यांनी सांभाळून घ्यावं.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी, बाईंच्या शेवटच्या दिवशी, मी तपासणीला कपाटाकडे पाठ करून बसलो. अकरा आवाजांपैकी चारांना बोट वर केलं. बाईंनी तेवढेच लिहिले. त्या दिवशी अमोलच्या टिपरला हात दाखवायला दुसरा माणूस उभा होता.