वस्तीचं मीठ

मंडळी, टाळ जरा मांडीवर ठेवा. अहो पखवाजवाले, तुम्हीही हात आवरा. नाम घेऊन झालं, आता थोडं भांडू या! देवाच्या दारात नाही भांडायचं तर काय तहसील कचेरीत भांडायचं?

मला एक सांगा. जो फुकट घेतो — सरकारचं धान्य म्हणा, निराधाराची पेन्शन म्हणा — त्यानं मान खाली घालावी की नाही? बोला की! आं? मागून कुणीतरी म्हणालं, "घालावीच!" कोण ते? नका, नका, उभं राहू नका. मला तुमचं तोंड बघायचं नाही. आख्यान संपलं की हाच प्रश्न परत विचारणार आहे. तेव्हा बोला, आणि मोठ्यानं बोला.

आणि देणाऱ्याचं काय विचारता! तो वरचा पंखा बघा. प्रत्येक पातीवर नाव आहे का नाही? आहे! एका गावी मी गेलो, ऐन चैत्रातलं ऊन, सगळे घामानं निथळतायत, आणि पंखा बंद. म्हटलं, वीज गेली का? तर म्हणे नाही महाराज, पंखा फिरला की दात्याचं नाव वाचता येत नाही! हसा, हसा. हसून झालं की ऐका.

खडकशेत नावाचं गाव. गावाच्या टोकाला वडारांची वस्ती, पाच घरं. गावातलं मारुतीचं देऊळ त्यांच्याच आज्या-पणज्यांनी दगड फोडून बांधलेलं. त्या वस्तीत राहायची दुर्गव्वा. पाट्या-वरवंट्याला टाकी लावणारी बाई! आता लहान पोरांना काय ठाऊक टाकी म्हणजे काय? अरे, पाटा वापरून गुळगुळीत झाला की त्यावर मसाला वाटला जात नाही. मग ही बाई छिन्नी-हातोडी घेऊन बसायची आणि टक टक टक — पाट्याला पुन्हा दात आणायची. गल्लीतनं हाक द्यायची, "पाट्याला टाकीऽऽ!" आणि बायका दारात यायच्या.

मग घरोघरी मिक्सर आला. हाक तीच, दारं मात्र बंद!

नवरा तिमण्णा. तीस वर्षं खाणीत दगड फोडले, छातीत दगडाची भुकटी बसली. चार पावलं चालला की धाप. कामाला कसला जातो! घरात खाणारी तोंडं दोन आणि कमावते हात दोनच, तेही दुर्गव्वाचे. महिन्याचं रेशनचं धान्य होतं म्हणून चूल पेटत होती. हे ध्यानात ठेवा मंडळी. ते धान्य गेलं तर तिमण्णा गेला, इतकं साधं गणित!

आता गावचे सरपंच. प्रल्हादराव नलवडे, सगळे अण्णा म्हणायचे. माणूस वाईट नव्हता हो! वाईट असता तर गोष्ट सोपी होती. गावात रस्ता आणला, शाळेला कुंपण घातलं. पण एक किडा डोक्यात शिरला. ग्रामसभेत उभे राहिले आणि म्हणाले, "फुकट खाऊन गाव आळशी झालंय. गाडी-माडीवाले पण धान्य उचलतात. मी सांगतो उपाय. जो धान्य घेतो त्याच्या दारावर खूण करायची! खऱ्या गरजवंताला कसली लाज? आणि खोट्याला लाज वाटली की तो आपोआप सोडेल."

टाळ्या! किती टाळ्या म्हणून सांगू! तुम्ही असता तर तुम्हीही वाजवल्या असत्या. मीही वाजवल्या असत्या, खोटं कशाला बोलू?

झालं. पत्र्यात अक्षरं कापून साचा केला, पिवळा रंग आणला. दारोदार साचा लावायचा, ब्रश फिरवायचा — 'मोफत धान्याचं घर'. आणि अण्णांनी दम भरला, "खूण पुसेल त्याचं धान्य बंद!"

मग काय झालं? खोट्यांना लाज वाटली? अहो, एका दुमजली माडीवाल्यानं ती खूण कुठं मारून घेतली ठाऊक आहे? गुरांच्या गोठ्यावर! म्हणे, तेही आमचंच दार. म्हशीला काय लाज? ती निवांत रवंथ करतेय, आणि मालक निवांत धान्य आणतोय!

आणि धान्य सोडलं कुणी? चंद्रव्वानं. दुर्गव्वाच्या शेजारची सत्तरीची म्हातारी. मागं ना पुढं कुणी. रंगवाले आले तसं तिनं दार अडवलं. म्हणाली, "या दारातनं माझ्या धन्याची तिरडी गेली. यावर असलं काही लिहू नका. मला नको तुमचं धान्य."

माणसं साचा उचलून पुढं गेली. एक नाव कमी झालं म्हणून अण्णा खूश!

दुर्गव्वाच्या चौकटीवर मात्र खूण बसली. दगडाची चौकट, तिच्या सासऱ्यानं घडवलेली. तिला काय वाटलं नसेल? पण आतून तिमण्णाचा खोकला आला, आणि तिनं ओठ आवळून दार सोडलं. रंगाला हात लावायचा नाही, बाकी काही का होईना, धनी जगला पाहिजे, असं तिनं मनाशी ठरवलं.

पंधरा दिवस गेले. दुर्गव्वा दोन घरांमधल्या कुडाच्या भिंतीला टेकून बसलेली. पलीकडनं आवाज येतोय — थप थप थप. चंद्रव्वा भाकरी थापतेय. हिच्या मनात आलं, म्हातारीकडं पीठ आलं कुठनं? कुणी दिलं असेल बापडं. दुसऱ्या दिवशी थप थप. तिसऱ्या दिवशी थप थप, पण आवाज जरा ओढल्यासारखा. दुर्गव्वा उठली, कुडाच्या फटीतनं बघितलं.

मंडळी, परात रिकामी होती हो! रिकामी! ती म्हातारी कोऱ्या परातीवर नुसते हात थापत होती. का? तर शेजाऱ्याला कळू नये, आपल्या घरात आज भाकरी नाही!

...

जरा पाणी द्या मला.

दुर्गव्वानं आपल्या टोपल्यातल्या दोन भाकरी घेतल्या आणि ती पलीकडं गेली. म्हातारी म्हणते, "मी आताच जेवले गं." दुर्गव्वा म्हणाली, "आत्या, गप. तोंड उघड." आणि घास भरवला. बाहेर येऊन तिनं आपल्या चौकटीवरचा पिवळा रंग बघितला. पंधरा दिवस तिला स्वतःची लाज वाटत होती. आज पहिल्यांदा राग आला!

आला सप्ताह. सात दिवस नाम, सात दिवस वीणा खांद्यावर, जमिनीला टेकायची नाही. आणि शेवटच्या दिवशी काला. आता खडकशेतची रीत ऐका. काल्यात प्रत्येक घराचा वाटा! नलवड्यांचं दही, माळ्यांच्या लाह्या, कुणाचे पोहे, कुणाचं लोणचं. आणि वडार वस्तीचा वाटा काय? मीठ! देऊळ बांधून झालं तेव्हा वडारांकडं द्यायला दुसरं काहीच नव्हतं, तेव्हापासूनचं. खडे मीठ आणायचं, आपणच टाकी लावलेल्या पाट्यावर ते बारीक करायचं आणि फडक्यात बांधून सकाळी देवळात पोचवायचं. हे काम दुर्गव्वाचं. पहिला घास वीणेकऱ्याला, तो त्यानं गिळला की वीणा खाली आणि सप्ताह पुरा. अशी रीत.

त्या सकाळी नाहून-धुऊन, मिठाचं फडकं घेऊन दुर्गव्वा मंडपाशी आली. अण्णांनी हात आडवा केला.

"यंदा वस्तीचा वाटा नको, दुर्गव्वा."

"का अण्णा?"

"अगं, फुकट धान्य खाणाऱ्यानं वाटा आणायचा म्हणजे सरकारचंच आणून देवाला दाखवायचं! तुम्हाला सूट दिलीय. तुम्ही नुसते या, प्रसाद घ्या, जा."

काय गोड बोलणं! सूट दिलीय! ऐकायला मेहेरबानी. पण अर्थ काय, तर तुम्ही फक्त घेणारे, तुमचं आम्हाला काही नको. मंडळी, भूक माणूस सोसतो. पण तुझ्या हातचं काही नको, हे कसं सोसावं?

दुर्गव्वानं फडकं छातीशी धरलं आणि माघारी फिरली. अण्णांना वाटलं, समजूतदार बाई आहे!

इकडं कीर्तन रंगलं. दही आलं, लाह्या आल्या, दोन हातांनी काला कालवला. हंडी फुटली. पहिला घास शिदोबांच्या मुखात. शिदोबा माळी, ऐंशीच्या घरातले वीणेकरी, सात दिवस वीणा सांभाळून पाय सुजलेले. घास तोंडात घेतला. चावला. थांबले.

"अळणी आहे."

सगळे एकमेकांकडं बघतायत! दही घालायचं सगळ्यांना आठवलं, मीठ कुणालाच नाही. का? अहो, ते दरवर्षी येतच होतं! न मागता येतं त्याची आठवण कोण ठेवतो?

अण्णा म्हणाले, "हात्तिच्या! एवढंच ना? दुकानातनं पुडा आणा रे!"

शिदोबा म्हणाले, "अण्णा, मीठ दुकानात मिळंल. वाटा कुठल्या दुकानात मिळतो?"

आणि तेवढ्यात वस्तीकडनं आवाज आला — टक. टक. टक टक. ओळखीचा! म्हाताऱ्या बायकांनी माना वळवल्या. कितीतरी वर्षांनी गावात टाकी वाजत होती.

शिदोबांनी वीणा खांद्यावर सावरली आणि निघाले. वीणेकरी निघाला तर टाळकरी मागं राहतील? ते निघाले, बायका निघाल्या, अख्खं गाव वडार वस्तीकडं!

जाऊन बघतात तर काय! दुर्गव्वा पदर खोचून चौकटीपुढं बसलीय, हातात छिन्नी-हातोडी. पिवळ्या रंगासकट दगडाचा वरचा पापुद्रा उडवतेय. 'मोफत' गेलं होतं. 'धान्याचं' चालू होतं. दारात तिमण्णा भिंतीला धरून उभा, धाप लागलेली, पण उभा!

अण्णा गर्दीतनं पुढं आले. "दुर्गव्वा! खूण काढलीस तर धान्य बंद, सांगितलं होतं का नाही?"

हातोडी थांबली. तिनं एकदा तिमण्णाकडं बघितलं, एकदा चंद्रव्वाच्या बंद दाराकडं. मग उठली.

"अण्णा, ऐका. धान्य मी सोडायची नाही. माझ्या माणसाचं पोट आहे ते, आणि कायद्यानं माझं आहे. आणि खूणबी ठेवायची नाही. दोन्ही नाही म्हणजे नाही!"

"असं कसं? फुकटचं घ्यायचं, वर तोरा?"

"फुकटचं?" दुर्गव्वानं हातातली छिन्नी वर केली. "बरं. रीत म्हणजे रीत, सगळ्यांना सारखी. तुमच्या रानातल्या ठिबकाला सरकारनं दिलं ना? ट्रॅक्टरला दिलं ना? सांगा, तुमच्या दारावर कुठनं सुरू करू? मी फुकटात लिहून देते. आणि माझी अक्षरं रंगातली नसत्यात अण्णा, दगडातली असत्यात! पावसानं जात न्हाईत!"

कुणीतरी फिस्सकन हसलं. माडीवाला हळूच मागं सरकला. म्हशीची आठवण झाली असेल!

अण्णा तांबडे झाले. "ते अनुदान आहे."

"आणि माझं काय आहे?"

मंडळी, तुमच्याकडं आहे का उत्तर? शेतात पडलं की अनुदान, ताटात पडलं की भीक? कुणी शिकवलं हे आपल्याला?

मग ती गावाकडं वळली. आता आवाज खाली आला. "या पलीकडच्या घरात म्हातारी तीन दिवस रिकामी परात थापत होती. तुम्हाला ऐकू जावं म्हणून. कुणी ऐकलं का?"

एकानंही मान वर केली नाही! प्रश्न साधा होता, आणि अख्ख्या गावाची मान खाली. घेणारीची मान वर होती.

शिदोबा पुढं झाले. एका हातानं वीणा धरलेली, दुसरा हात पसरला. "पोरी, आमचा काला अळणी आहे. वस्तीचा वाटा दे. मागायला आलोय."

दुर्गव्वानं मिठाच्या फडक्याची गाठ सोडली. पण आधी ती पलीकडं गेली. चंद्रव्वाला हाताला धरून बाहेर आणलं, आणि म्हातारीच्या हातानं शिदोबांच्या ओंजळीत मीठ घातलं. मग एकेक हात पुढं आला. गुरवाचा, माळ्याचा, ज्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या त्यांचा. सगळ्यात शेवटी अण्णांचा. वेळ लागला, पण आला. तिनं त्यांच्याही हातावर चिमूट ठेवली, इतरांएवढीच.

वीणा त्या दिवशी उन्हं कलल्यावर खाली टेकली. पुढच्या महिन्यात रेशन दुकानासमोर दुर्गव्वा पहिली उभी. मागं चंद्रव्वा, काठी टेकत. दुकानदारानं दोघींनाही गुमान मापून दिलं. वस्तीतल्या खूण मारलेल्या चारही चौकटी टाकीनं साफ झालेल्या. तिथं दगड जरा खरबरीत राहिला, तो मात्र तसाच आहे.

झालं आख्यान. आता तुमच्याकडं येतो. हं, चुळबूळ नको!

तुमच्या गावात दारावर खुणा नाहीत, मला ठाऊक आहे. तुम्ही शहाणे, तुम्ही त्या नजरेनं करता! सकाळी येताना वीटभट्टीच्या पलीकडं मला भटक्यांची पालं दिसली. सात पालं. मी इथं विचारलं, काल्यात कुणाकुणाचं काय आलं? सगळी नावं सांगितलीत. म्हटलं, त्या पालांवरनं काय आलं? तर हसून म्हणालात, "महाराज, त्यांच्याकडं काय असणार!"

विचारलं होतंत का? एकदा तरी?

मग ही हंडी आज अशीच टांगलेली राहू दे. चौघं उठा. अहो पाटील, तुम्ही पुढं व्हा. आणि तुम्हीही चला, मघाशी मागून 'घालावीच' म्हणालात ते! काही द्यायला जाऊ नका, खबरदार! मागायला जा. पालाच्या दारात उभे राहा, हात पसरा, आणि चिमूटभर मीठ मागा. हात पसरताना छातीत काय होतं ते नीट बघून या. आणि मग मला पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्या.

जा. उन्हाचं तापलंय, पागोटी बांधून जा. आमच्या वीणेकरीबुवांचे पाय दुखतायत, पण ते थांबतील. मीही इथंच उभा आहे.