बाईंचा हुंकार आणि शालनचा हुंकार

बसा, मंडळी, बसा! खांबाला टेकलेत त्यांनी जरा पुढे सरका. खांबाला टेकलं की डोळा लागतो, हे मला ठाऊक आहे — मीही श्रोत्यांत बसलोय कधीकाळी! देवाला हाक मारून झाली, गुरूंच्या पायावर डोकं ठेवून झालं. आता आख्यानाला हात घालायचा. पण आधी एक प्रश्न. उत्तर लगेच नको. नुसता मनात धरा.

ज्याच्यावर आपला जीव आहे, ते दुसऱ्यानं त्याच्या डोळ्यांनी पाहिलं — आणि त्याला ते निराळंच दिसलं — तर तो आपला वैरी झाला का? बोला! माझा देव मला जसा दिसतो तसाच तुला दिसला पाहिजे, असं मी म्हणतो तेव्हा ते प्रेम म्हणायचं, की नुसती मालकी?

अवघड आहे. म्हणून आज पुराणातली कथा नाही घेतली. आज सिनेमाची गोष्ट! — अहो आजोबा, दचकू नका! कीर्तनात सिनेमा आला म्हणून देव उठून जात नाही. तो आपल्यापेक्षा जास्त सहनशील आहे. ऐका तर मग!

कोल्हापूर जिल्ह्यात गारगोटी. तिथल्या एका शाळेत मराठी शिकवायला होत्या प्रमिला नेसरीकर. सगळं गाव त्यांना 'नेसरीकर बाई' म्हणायचं. पदर असा पिन लावून बसवलेला, की वारासुद्धा विचारून यायचा — 'बाई, येऊ का आत?' यजमान लवकर गेलेले, मूलबाळ नाही. बाईंचं जे काही होतं ते वर्गात होतं. आणि एका पुस्तकात.

पुस्तकाचं नाव 'डोहापल्याडचं गाव'. मुलांसाठी लिहिलेलं, अद्भुताचं. त्यात काय? तर एका गावाची झोप हरवते! माणसं जागी, गुरं जागी, झाडांची पानंसुद्धा मिटत नाहीत. आपल्याकडे तशी अडचण नाही, चौथ्या रांगेत बघा! तर ती हरवलेली झोप आणायला ओवी नावाची एक पोर निघते. वाटेत काळा डोह. डोहात त्याचा राखणदार — हुंकार! त्याच्या मनात आलं तर तो पलीकडे नेतो, नाही आलं तर नाही.

दर शनिवारी शेवटच्या तासाला बाई हे पुस्तक वाचायच्या. एकतीस वर्षं! हुंकार यायचा झाला की बाई आवाज खाली आणायच्या... खाली... आणि सगळा वर्ग श्वास धरून. गारगोटीची पोरं कुठे कुठे गेली, कुणी फौजेत, कुणी कारखान्यात, पण हुंकार म्हटलं की आजही अंगावर काटा! त्यांनी फोनवर एक ग्रुप काढला, नाव 'राखणदार मंडळ'. चालवायचा संग्राम पोवार. बाईंचाच विद्यार्थी, बाजारात त्याचं चष्म्याचं दुकान.

एक दिवस संग्राम धावत बाईंच्या दारात. 'बाई! आपल्या पुस्तकावर सिनेमा! ट्रेलर आलाय!'

बाईंनी चष्मा पुसला. एकतीस वर्षं जे डोळ्यांपुढे होतं, ते आता सगळं जग बघणार. डोह आला — झकास! ओवी आली — गोड पोरगी! पाणी हललं... आणि हुंकार वर आला.

'छे!' बाई ओरडल्या. 'हे काय?'

बाईंच्या मनात हुंकार कसा होता? उंच! सोनेरी खवले, आभाळाला टेकणारी शिंगं, डोळ्यांत वीज! आणि पडद्यावर? काळंकुळकुळीत, जाडजूड, चिखलानं माखलेलं जनावर. म्हातारं. एक डोळा पांढरा, शिंगं मोडलेली. चालताना मागचा पाय ओढतंय.

'बाई,' संग्राम हळूच म्हणाला, 'ही तर म्हैस.'

झालं! राखणदार मंडळ पेटलं. एकानं चित्र टाकलं — हुंकाराच्या शेजारी दुधाची किटली! दुसऱ्यानं लिहिलं, 'झोप नाही, धारा काढून आणा!' हसू येतं ना? मलाही आलं. पण हसण्याच्या खाली काय होतं? दुखणं होतं! लहानपणी जपून ठेवलेलं काहीतरी कुणीतरी न विचारता हलवलं होतं. त्यांना वेडे म्हणू नका. जीव लावलेला माणूसच असा चिडतो. ज्याला काही देणंघेणं नाही, तो चॅनेल बदलतो!

बाईंनी कागद घेतला. सुंदर अक्षरात पत्र लिहिलं. शेवटी काय लिहिलं, नीट ऐका — 'ज्यांनी हा हुंकार घडवला, त्यांनी पुस्तक उघडलेलंच नाही. त्यांना वाचायला शिकवणारं कुणी भेटलंच नाही, याची मला कीव येते.'

संग्रामनं फोटो काढून पत्र ग्रुपवर टाकलं. तिथून ते सुटलं! पुणं, मुंबई, पार परदेशात. हजारो लोकांनी सह्या केल्या, 'हुंकार बदला!' वर्तमानपत्रात बाईंचा फोटो आला. बाईंना वाटलं, पुस्तकाचं रक्षण केलं आपण. त्या आठवड्यात बाई जरा ताठ चालत होत्या. खोटं कशाला बोला?

रविवारी सकाळी दहाची वेळ. बाई अंगणात तुळशीला पाणी घालतायत. फाटकाशी एक बाई उभी. पस्तिशीची, सावळी, खांद्याला पिशवी. आत आली, वाकून नमस्कार केला.

'कोण गं तू?'

'मी शालन, बाई. शालन खापरे. सातवी ब. शेवटचा बाक.'

बाई आठवू लागल्या. चेहरा आठवेना. शिक्षकाला पहिला बाक आठवतो, मंडळी, आणि सगळ्यात दंगेखोर बाक आठवतो. गप्प बसणारा शेवटचा बाक कुणाला आठवतो?

'बस ना. कुठे असतेस?'

'पुण्याला. संगणकावर प्राणी घडवते, सिनेमांसाठी.' ती थांबली. मग एका दमात म्हणाली, 'बाई, तो हुंकार मी केलाय.'

तांब्यातलं पाणी बाईंच्या पायावर सांडत होतं. त्यांना कळलंसुद्धा नाही.

आता तुम्हाला वाटेल, पोरगी भांडायला आली. आली असती तर सोपं झालं असतं! भांडणाऱ्याला उत्तर देता येतं. शालननं विचारलं, 'बाई, मी पुस्तक उघडलं नव्हतं, ते खरं आहे. आमच्या घरात पुस्तक कुठलं? मी फक्त ऐकलं होतं. तुम्ही वाचत होता, आणि मला तो असाच दिसायचा. एवढंच विचारायला आलेय. माझं ऐकताना चुकलं का?'

अहो! पत्रात लिहिलं होतं, 'शिकवणारं कुणी भेटलंच नाही!' आणि शिकलेली समोर उभी!

पण बाई पक्क्या मास्तरीण. म्हणाल्या, 'थांब. पुरावा बघू.' आतून पुस्तक आणलं. शिवण सुटलेलं, पानं पिवळी. हुंकाराचं पान न शोधता उघडलं. आणि वाचू लागल्या, अगदी वर्गात वाचायच्या तशा. 'हुंकार आला. पाणी बाजूला झालं. ओवीनं वर पाहिलं, आणि तिची भीती गेली.'

बाई थांबल्या. पान उलटलं. परत मागे आल्या. खालून वर वाचलं.

'शिंगं कुठे गेली?' बाई पुटपुटल्या.

शिंगं नव्हतीच! खवले नव्हते, वीज नव्हती! लिहिणाऱ्यानं हुंकाराच्या अंगाबद्दल एक शब्द लिहिला नव्हता. ती शिंगं बाईंची होती. एकतीस वर्षं बाई पुस्तकात आपलं वाचत होत्या आणि त्यांना वाटत होतं, छापलेलं वाचतोय!

'शालन,' बाईंचा आवाज बदलला होता. 'तुला म्हैस का दिसली गं?'

मग शालननं सांगितलं. त्यांची वस्ती ओढ्यापलीकडे. श्रावण-भादव्यात ओढ्याला कमरेच्या वर पाणी. पहिलीत असताना ती एकदा त्यात वाहून गेलेली. लोकांनी केस धरून ओढून काढली. त्यानंतर पाणी दिसलं की पोरगी किंचाळायची, शाळेला जायचीच नाही. घरी एक म्हातारी म्हैस होती, चंद्री. एक डोळा गेलेला, शिंगं मोडलेली, पाय अधू. वडील म्हणाले, 'हिच्या पाठीवर बस. ही कधी घसरत नाही. डोळं मिटून बस, पल्याड गेलं की उघड.' पोर बसली. चंद्री पाण्यात उतरली. हळू... हळू... एकेक पाय चाचपत. पोरीला तिचा श्वास ऐकू यायचा — हूं... हूं... पलीकडे गेली तेव्हा शालननं डोळे उघडले. दुसऱ्या दिवशी ते मिटलेच नाहीत.

'पुढं सहा वर्षं मी तिच्यावर बसून शाळेत आले, बाई. सातवीत तुम्ही ते वाक्य वाचलंत, आणि मला वाटलं, ही गोष्ट लिहिणाऱ्याला आमची चंद्री कशी काय माहीत?'

बोला, मंडळी! पुस्तक कुणाला जास्त कळलं होतं? सोनेरी शिंगं बघून भीती जाते, की चिखलानं भरलेली म्हातारी पाठ बघून?

बाईंनी विचारलं, 'मग आता?'

'आता काही नाही. वरून निरोप आलाय. लोकांना नकोय, बदला. शिंगंवाला हुंकार दुसऱ्या कुणीतरी काढलाय. पंधरा दिवसांत ठरेल. माझं नाव काढतील.' शालन उठली. 'येते, बाई. तुमच्यावर राग नाही.'

राग नाही म्हणाली! यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बाईंना जेवण तरी गेलं असतं.

त्याच दिवशी बाई संग्रामच्या दुकानात. 'संग्राम, दुसरं पत्र टाकायचंय. माझं चुकलं.'

'बाई, नका! लोक हसतील. म्हणतील, बाई फिरल्या.'

'म्हणू देत.'

पत्र गेलं. आणि लोक हसले! कुणी लिहिलं, 'बाईंना दबाव आला.' कुणी लिहिलं, 'वय झालं.' ज्यांना अक्षर गिरवायला शिकवलं, त्यांनी लिहिलं! बाई दोन दिवस घराबाहेर पडल्या नाहीत. आठवड्यापूर्वी त्याच ग्रुपनं डोक्यावर घेतलं होतं. डोक्यावरून खाली यायला कितीसा वेळ लागतो!

तिसऱ्या दिवशी बाईंनी युक्ती केली. समजावणं सोडून दिलं. संग्रामला म्हणाल्या, 'त्यांना गृहपाठ घाल. माझ्या नावानं. तुमचा हुंकार कसा होता? पाच ओळीत लिहा. किंवा चित्र काढा. कुणी कुणाचं बघायचं नाही.'

मास्तरणीनं गृहपाठ म्हटलं की पन्नाशीचा माणूससुद्धा वही शोधतो! चार दिवसांत दोनशे सत्तर उत्तरं. संग्राम एकेक वाचून दाखवू लागला. फौजेतल्या एकानं लिहिलं, 'माझा हुंकार वडाच्या झाडासारखा.' एका नर्सनं लिहिलं, 'माझा म्हणजे आमचे आजोबा, फक्त मोठे.' एकाचा मासा, एकाचा ढग. एकानं तर लिहिलं, 'आमच्या एस.टी.चा ड्रायव्हर, मिशीवाला. घाटात तोच न्यायचा!' दोनशे सत्तर! दोन उत्तरं सारखी निघाली नाहीत!

'आणि तुझा रे?' बाईंनी विचारलं.

संग्राम लाजला. 'हत्ती, बाई. सोंडेनं उचलून घेणारा.'

'मग "हा आपला हुंकार नव्हे" असं तू कुणाच्या वतीनं ओरडत होतास?'

संग्रामनं सगळी उत्तरं ग्रुपवर टाकली. आणि काय सांगू — भांडणारे लोक एकमेकांचे हुंकार वाचत बसले! 'अरे, तुझा ढग होता? कधी बोलला नाहीस!' शालननंही आपली चंद्री लिहिली. ते सगळं सिनेमा करणाऱ्यांपर्यंत पोहोचलं. दिग्दर्शकानं शालनला फोन केला. 'तुझाच ठेवतो,' म्हणाला, 'दोनशे सत्तरांतला एकच निवडता येतो, आणि हा एकटाच असा आहे की ज्याच्या पाठीवर कुणीतरी खरंच बसलंय.'

सगळे सुखी झाले का? नाही! खूप जण शेवटपर्यंत नाखूश राहिले. सिनेमा आला तेव्हाही काहींनी तोंड वाकडं केलं. बाई कोल्हापूरला दुपारच्या खेळाला गेल्या, शेजारी शालन. मध्येच एक गाणं आलं तर बाई मोठ्यानं म्हणाल्या, 'ओवी नाचते कशाला? तिथं गावाला झोप नाही!' पुढच्या रांगेतले वळून बघू लागले. अहो, प्रेम असलं म्हणून चूक दिसायची थांबते काय?

मग डोह आला. पाणी हललं. हूं... हूं... ती काळी पाठ वर आली. ओवीनं वर पाहिलं.

बाई शालनच्या कानाशी म्हणाल्या, 'खरं सांगू? माझा हुंकार हा नव्हे. माझ्याला शिंगंच आहेत, आणि ती राहणार.'

शालनचा चेहरा उतरला.

'पण ओवी घाबरली नाही, बघितलंस? माझ्या हुंकारापुढे पोर घाबरली असती. हे मला इतकी वर्षं कळलं नव्हतं.' बाईंनी तिचा हात हातात घेतला. 'शेवटच्या बाकावर तू एवढं ऐकत होतीस, आणि मी तुला कधी काही विचारलंच नाही. ते माझं चुकलं.'

अंधारात दोघीही रडल्या. पडदा पुढे सरकत राहिला. गावाला झोप मिळाली की नाही, ते त्यांना दुसऱ्यांदा जाऊन बघावं लागलं!

मंडळी, संपली गोष्ट. आता तुमच्याकडे वळतो, सुटका नाही! आपण जे बोलतो, वाचतो, घरात ज्याचा जप करतो, ते कुणाच्या तरी कानात पडत असतं. मुलगा ऐकतो, सून ऐकते, नात ऐकते. आपल्या वाटणीचं बी आपण टाकून मोकळे होतो, आणि ते भलत्याच रंगाचं फूल घेऊन समोर येतं. पोरगा म्हणतो, 'बाबा, मी देव असा मानतो.' सून म्हणते, 'आई, मी सण असा करते.' आणि आपल्या तोंडून पहिला शब्द कोणता निघतो? 'छे!'

तो एक शब्द आवरा. आपली शिंगं सोडा, असं मी म्हणत नाही! तुमचं रूप तुमच्या जिवाशी ठेवा, त्याच्यापुढे दिवा लावा. पण समोरच्याला आधी बसायला सांगा, पाणी द्या, आणि विचारा, 'तुला असं का दिसलं गं?' मग गप्प राहून ऐका. मला माहीत आहे, हे उपासाहून कठीण आहे. उपासाला निदान साबुदाणा तरी असतो!

पण एवढं ज्याला जमेल, त्याच्या घरी देव एका रूपात येऊन थांबणार नाही. तो जितक्या माणसांना दिसतो, तितक्या रूपांनी येईल. चला, पखवाज घ्या हो! हात वर करा, डोळे मिटा, आणि ज्याला जसा दिसतो त्यानं तशाच देवाचं नाव घ्या — ज्याच्या त्याच्या सुरात घेतलं तरी चालेल, पण मोठ्यानं!