मेंबरांचा खांदा

"या हातानं वीस वर्षं गावाच्या शिक्षणाला दिशा दिली आहे!"

"दिशा राहू द्या, आधी तो बाहीत घाला."

हाडांच्या डॉक्टरांकडे मनगट दाखवायला आलेल्या शिंपीणकाकूंनी वळून पाहिलं. शेजारच्या बाकावर एक्स-रे काढून आलेले शाळा मंडळाचे मेंबर बायकोच्या मदतीनं शर्टाशी झटत होते.

"अध्यक्षांचा हात वर गेला की मागोमाग माझा. कधी चुकला नाही."

"मागच्या महिन्यात चुकला."

"खांदा धरला होता गं! हात वर जाईना."

"म्हणून तर पुलाजवळची शाळा बंद करायचा ठराव एका मतानं पडला. पोरांच्या आया डोळे पुसत आपल्या घरी आल्या होत्या."

"त्यांना वाटलं, मी अध्यक्षांना नडलो."

"मग खरं का नाही सांगितलंत?"

"वीस वर्षांत पहिल्यांदाच कुणी माझे आभार मानले. तोंडच उघडेना."

"उद्या तोच ठराव पुन्हा येतोय. आज इंजेक्शन घ्या, हात मोकळा होईल. आणि उद्या तो मुद्दाम खाली ठेवा."

"अध्यक्षांनी नुसतं पाहिलं तरी हा आपोआप उठतो."

"अहो, एकतीस पोरं आहेत तिथं."

"माहीत आहे."

कंपाउंडरनं मेंबरांचा नंबर पुकारला. मेंबर उठले, दारापर्यंत गेले आणि काकूंकडे परत आले.

"ताई, माझ्या नंबरावर तुम्ही जाता का? उद्याची सभा होईपर्यंत हा असाच दुखू दे."